चित्रातला पूल

आमच्या मजल्यावर, लिफ्टच्या समोरच्या भिंतीवर, तो पूल होता. माणसाच्या उंचीचं छायाचित्र, जाड फोमच्या फळीवर चिकटवलेलं. दोन कड्यांमध्ये पोलादी दोरांवर टांगलेला चिंचोळा पूल, खाली गढूळ नदी, आणि अगदी पुढे, आता आपल्या अंगावर येऊन आदळेल अशी धावत येणारी एक मुलगी. पाठीला लाल दप्तर, समोरचे दोन दात पडलेले. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आता पुकाराय गावच्या मुलांना नदीत उतरावं लागत नाही.'

ऑफिसातला प्रत्येक जण त्या मुलीसमोर उभा राहून लिफ्टची वाट बघायचा. एका हातात कॉफी, दुसऱ्यानं गळ्यातलं ओळखपत्र सरळ करत. पण तिच्याकडे बघणं सगळ्यांनी केव्हाच सोडलं होतं. भिंतीवर रोज असलेली गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते. वर्गातल्या नकाशाचंही असंच होतं.

मॅरेन टॉलिव्हर सप्टेंबरात रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात एकदा लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, तरी ती चित्रासमोरून हलली नाही.

"लिफ्ट गेली," मी म्हटलं.

"मास्तर, हा पूल अजून वापरात आहे?"

मला तिथे सगळे मास्तर म्हणायचे. लारेडोच्या शाळेत मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीच्या आधी एक वर्ष वॉशिंग्टनला फेलो म्हणून आलो आणि मुदत वाढवून मिळाली तसा राहिलो. शास्त्रज्ञांच्या संस्था दरवर्षी काही माणसं निवडतात आणि सरकारी खात्यांत पाठवतात. कुणी किड्यांचा अभ्यासक, कुणी पाण्याचा, कुणी माझ्यासारखा शिक्षक. सरकारला शास्त्र कळावं आणि शास्त्रज्ञाला सरकार, असा हेतू. आमचं खातं परदेशांत मदत पोचवणारं. विहिरी, दवाखाने, शाळा, पूल. मॅरेन धातूंची अभ्यासक होती. धातू कसा थकतो आणि कधी तुटतो, यावर तिनं डॉक्टरेट केली होती. तिचे वडील ऑरेगॉनच्या जंगलात पोलादी दोरांनी ओंडके ओढायचे. दोर तिनं पुस्तकाआधी पाहिला होता.

"असेल की," मी म्हटलं. "पूल वापरायलाच बांधतात."

"मग हे बघा." तिनं मुलीच्या खांद्यामागे बोट ठेवलं. दगडी खांबापाशी पुलाचा एक दोर येऊन वळसा घालत होता आणि त्यावर एका ओळीत लोखंडी क्लिपा आवळलेल्या होत्या. "सगळ्या उलट्या आहेत."

मला काहीच दिसलं नाही. मग ती मला आपल्या टेबलाशी घेऊन गेली. गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून तिनं खुर्चीच्या हाताला वळसा दिला आणि तिचं आखूड टोक लांब दोरीला समांतर धरलं.

"लांब भागावर सगळं वजन येतं. वडील त्याला जिवंत म्हणायचे. हे आखूड शेपूट नुसतं लोंबतं, ते मेलेलं. दोन्ही एकत्र आवळायला क्लिप. क्लिपचे दोन भाग असतात. एक घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला बोल्ट, तो दोराला चावतो. दुसरं खोगीर, ते रुंद असतं, दोराला नीट मांडीवर घेतं. आता सांगा, चावणारा भाग कुठे हवा?"

"मेलेल्या शेपटावर."

"पास. जंगलातली माणसं म्हणतात, मेल्या घोड्यावर खोगीर चढवू नये. मी दुसरीत असताना वडिलांनी पाठ करून घेतलं होतं. या चित्रात प्रत्येक खोगीर मेल्या घोड्यावर आहे. म्हणजे नाल जिवंत दोराला चावतेय. रोज, प्रत्येक पावलाला थोडी थोडी."

"लगेच तुटेल?"

"लगेच नाही. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही."

त्याच दुपारी ती विभागप्रमुखांकडे गेली आणि मलाही बरोबर नेलं. कॉर्डेलिया ब्रूक्स वाईट बाई नव्हती. तरुणपणी तिनं चित्रातल्या त्याच डोंगरांत काही वर्षं काढली होती. तिच्या खोलीत अजून तिथली लोकरीची शाल खुर्चीवर असायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एका फोटोवरून?" ती म्हणाली.

"फोटो स्पष्ट आहे."

"एका दोराचं एक टोक स्पष्ट आहे. बाकीची?"

"बाकीची दिसत नाहीत."

"तू खात्रीनं सांगतेस की पूल पडेल?"

 मॅरेनच्या जागी दुसरं कुणी असतं तर हो म्हणून मोकळं झालं असतं. पण जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही, हे या लोकांच्या हाडात मुरलेलं असतं.

"खात्रीनं नाही सांगू शकत," ती शेवटी म्हणाली.

"मग ऐक. तो पूल आता आपला नाही. काम संपलं, फीत कापली, गावच्या पंचायतीच्या हवाली केला. आपला तिथला इंजिनिअर होता, कामाबरोबर त्याची नोकरीही संपली. आणि पूल बंद केला तर पोरं कुठून जातील? खालच्या उतारातून, नदीतून. पूल होण्याआधी तिथे दोन मुलं वाहून गेली. माझ्या वेळी. तू चुकलीस आणि एखादं पोर बुडालं, तर?"

"आणि मी बरोबर असले तर?"

"म्हणून कागद लिही. रीतसर वर जाऊ दे. तिथल्या वकिलातीतून कुणी जाऊन बघेल."

"मी शाळेला नुसता फोन केला तर?"

"इथून परदेशात फोन करून 'पूल बंद करा' म्हणालीस तर तो तुझा शब्द राहत नाही, सरकारचा होतो. फेलो म्हणजे घरातला पाहुणा, बाळ. ताटात सगळं वाढतात, पण किल्ल्या देत नाहीत." मग शालीची कड सारखी करत ती म्हणाली, "लवकर लिही मात्र. डिसेंबरात तिथलं शाळेचं वर्ष संपतं. त्या दिवशी अख्खं गाव पुलावरून पलीकडे जातं. बँड लावून."

 एकेक मूल जाणं वेगळं आणि तालावर पाय टाकत, पूल झुलवत गर्दी जाणं वेगळं, हे मॅरेनला कुणी सांगायला नको होतं.

तिनं कागद लिहायला घेतला. मी समोरच बसायचो. पहिलं वाक्य तिनं टंकलं, 'पुकाराय गावचा पूल ताबडतोब बंद करावा.' बराच वेळ त्याकडे बघत राहिली आणि मग पुसून टाकलं.

"का गं?" मी विचारलं.

"पुलाबद्दल मला काय माहीत आहे, मास्तर? मी पूल पाहिलाय का? मी चित्र पाहिलंय. जे पाहिलं तेवढंच लिहायला हवं. नाहीतर पहिला वकील मला उचलून बाहेर टाकेल."

तिनं मथळा दिला, 'पुकाराय पुलाच्या छायाचित्रात दिसणाऱ्या जोडणीबाबत.' मजकुरात लिहिलं, 'छायाचित्रातील क्लिपा उलट बसवल्या असाव्यात असे दिसते.' शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं ते वाक्य निर्दोष होतं. तिच्या कुठल्याही प्राध्यापकानं शाबासकी दिली असती.

आमच्याकडे कागद एकटा चालत नाही. तो टेबलाटेबलांवर मुक्काम करत जातो. प्रत्येक टेबलाची मान्यता लागते आणि प्रत्येक टेबल एखादा शब्द बदलल्याशिवाय मान्यता देत नाही. कायद्याच्या टेबलानं 'उलट' खोडून 'प्रचलित पद्धतीहून भिन्न' केलं. त्या देशाचं काम बघणाऱ्या टेबलानं गावाचं नाव काढलं, उगाच कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. मॅरेन प्रत्येक टेबलामागे फिरायची. वकिलातीला तिनं सभ्य विनंत्या पाठवल्या. उत्तर आलं की त्या भागात जायला आता गाडीची तरतूद नाही.

"काय म्हणतो तुझा पूल?" लोक जाता जाता विचारायचे. "उभा आहे ना अजून?"

"चित्रात उभा आहे," ती म्हणायची.

नोव्हेंबरात आभार मानण्याच्या सणाची मेजवानी झाली. ऑफिसातल्या प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणलं होतं. मॅरेन कागदी थाळी घेऊन त्या मुलीसमोर उभी राहिली आणि काही न खाता थाळी ठेवून दिली. तिथे पावसाळा लागला होता. नदी भरत असणार. बंद करा म्हणावं तर नदी, चालू राहू दे म्हणावं तर दोर. एकदा ती मला म्हणाली, "प्रयोगशाळेत मी दोर तुटेपर्यंत ओढायचे, मास्तर. तुटला की कळायचं. इथं तुटण्याआधी कळायला हवं, आणि माझ्याकडे यंत्र नाही."

नाताळ जवळ आला तेव्हा एका सकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि समोर मोकळी भिंत होती. चित्राच्या जागी रंगाचा उजळ चौकोन, चार कोपऱ्यांत चार भोकं.

मॅरेन जवळजवळ धावतच प्रसिद्धी विभागात गेली. मी मागोमाग. ब्राइस म्हणून एक हसतमुख मुलगा तिथे बसायचा. आमच्या भिंतींवरची सगळी चित्रं त्याच्याकडे होती.

"अभिनंदन," तो तिला बघून म्हणाला. "तुझ्या कागदाला काल शेवटची मान्यता मिळाली. लगेच कारवाई केली आम्ही."

"पूल बंद केला?" तिनं विचारलं.

"पूल?" ब्राइस गोंधळला. "चित्र काढलं ना. वेबसाइटवरूनही उतरवलं. पद्धतीहून भिन्न जोडणी दिसणारं चित्र खात्यानं मिरवू नये, असा निर्णय झाला." तो आपल्या पडद्यावर शोधू लागला. "कागद चित्राबद्दलच होता ना? मथळ्यातच आहे."

 ब्राइसची यात चूक नव्हती आणि ते मॅरेनला माहीत होतं. ती वळली आणि सरळ कॉर्डेलियाच्या खोलीत गेली. काय झालं ते तिनं सांगितलं. एका दमात, 'असं दिसतं की' एकदाही न म्हणता.

कॉर्डेलियानं डोळे मिटले. मग खणातून जुनी डायरी काढली, एका कागदी रुमालावर नंबर उतरवला आणि मॅरेनला न देता माझ्या हातात दिला.

"बासिलिया चोके. शाळेच्या मुख्याध्यापिका," ती म्हणाली. "तुमचं स्पॅनिश घरचं आहे, मास्तर. ऑफिसच्या फोनवरून करू नका. माझं नाव सांगा तिला."

आम्ही खाली चौकात गेलो. दुपार होत आली होती, तरी हाडं गोठवणारी थंडी. बाकावर बसून मी नंबर लावला. खूप वेळानं एका बाईचा आवाज आला, दुरून, पावसाच्या आवाजातून.

"बासिलिया बाई? मी एवारिस्तो लुना. वॉशिंग्टनहून बोलतोय. कॉर्डेलियानं नंबर दिला. मीही शिक्षकच आहे."

"कॉर्डेलिया?" बाईंचा आवाज जरासा उजळला. "जिवंत आहे का ती? आमच्या कोंबड्यांना घाबरायची. काय काम काढलंत, मास्तर?"

"तुमच्या पुलाबद्दल बोलायचं होतं."

पलीकडे नुसता पाऊस ऐकू आला.

"पूल गेला की," बाई म्हणाल्या. "शाळेच्या शेवटच्या दिवशी. तुम्हाला ठाऊक नाही?"

मी मॅरेनकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. तिनं बाकाची कड घट्ट धरली.

बाई सावकाश सांगत गेल्या. मीही सावकाश मॅरेनला सांगत गेलो. बँडवाले पुढे होते. त्यांच्या मागे मुलं, पाहुण्यांसाठी खुर्च्या डोक्यावर घेतलेले वडीलधारे. एक दोर खांबापाशी तुटला आणि पूल कुशीवर वळला. बरेच जण दोरांना लोंबकळून वाचले. सगळे नाही. मोठा ढोल नदीच्या वळणापर्यंत तरंगत गेलेला दिसला, माणसं दिसली नाहीत.

"तुम्ही कुणाला कळवलं नाहीत?" मी विचारलं.

"कुणाला? पुलाजवळच्या पाटीवर ज्या ऑफिसचा नंबर आहे तो लागत नाही. पंचायत म्हणते पूल परदेशी लोकांचा होता." मग त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर फोन कशाला केलात?"

मी तो प्रश्न मॅरेनला सांगितला. फोनवर हात ठेवून म्हटलं, "चौकशीला केला, असं सांगू?"

"नाही," ती म्हणाली. "खरं सांगा. सगळं."

मी सांगितलं. इथे एक मुलगी आहे, दोरांची अभ्यासक. तिनं भिंतीवरच्या चित्रात पाहिलं की क्लिपा उलट्या आहेत. सप्टेंबरात पाहिलं. कागद लिहिला. कागद फिरत राहिला. पूल बंद करा, एवढं सांगायला आत्ता फोन केला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"कुठलं चित्र?" त्यांनी विचारलं. "लाल दप्तरवाली पोर आहे, ते?"

"हो."

"ती आमची एर्लिंडा. साहेब लोक फोटो काढायला आले तेव्हा तिनं तीनदा धावून दाखवलं. प्रत्येक वेळी पडली, प्रत्येक वेळी हसली." बाई थांबल्या. "ती बँडच्या अगदी मागे होती. खुळखुळा वाजवत. तिच्या आईकडे तिचा एकही फोटो नाही, मास्तर. जे तुमच्या माणसांनी काढले ते तुमच्याकडेच राहिले. तेवढं चित्र पाठवता येईल?"

मॅरेननं माझ्या तोंडून ते ऐकलं आणि उठून चालू लागली. फोन ठेवून मी तिला गाठेपर्यंत ती ब्राइसच्या टेबलापाशी पोचली होती.

"मूळ फोटो नाही देता येणार," ब्राइस म्हणत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मागे घेतलेलं चित्र कुलूपबंद केलं जातं. शिवाय लहान मूल आहे. बाहेर द्यायचं तर पालकांची लेखी संमती लागते."

"पालकच मागतायत."

"मला समजतंय गं. पण त्यालाही मान्यता..." त्यानं वाक्य अर्धं सोडलं आणि आवाज खाली आणला. "भिंतीवरची फळी तळघरात आहे. कचऱ्याची गाडी संध्याकाळी येते."

तळघरात मोडक्या खुर्च्या, जुने पडदे, गुंडाळलेल्या सतरंज्या होत्या. त्यांच्यामागे ती फळी भिंतीकडे तोंड करून उभी केलेली सापडली. एक कोपरा चेपला होता. आम्ही ती वळवली. एर्लिंडा धावत येत होती.

फळी इतकी मोठी की कुठल्याच खोक्यात मावली नसती. कापणं भाग होतं. मी चाकू शोधत होतो तेवढ्यात कॉर्डेलिया जिना उतरून आली. तळघरात यायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं होतं. तिच्या हातात पुठ्ठा कापायचा चाकू होता आणि दुसऱ्या हातावर ती शाल.

"फक्त मुलगी कापून घेऊया," ती म्हणाली. "तो खांब, दोर, ते सगळं आईला कशाला दाखवायचं? रोज तेच बघत बसेल."

"नाही," मॅरेन म्हणाली. "दोर राहू दे."

"त्यानं काय साधणार आहे?"

"कुणीतरी त्यांना म्हणेल की पुराचं पाणी वाढलं, गर्दी फार झाली, तुमचीच चूक. एखादा माणूस कधीतरी ते चित्र नीट बघेल. दोर राहू दे, कॉर्डेलिया."

कॉर्डेलियानं चाकू तिच्या हातात दिला. मॅरेननं आकाश कापलं, पलीकडचा डोंगर कापला, खालचं ठळक वाक्य कापलं. मुलगी ठेवली, आणि तिच्या खांद्यामागचा खांब.

मग फळी उपडी करून ती मागच्या पांढऱ्या बाजूवर लिहायला बसली. 'छायाचित्रात असे दिसते की,' इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. तिनं ते शब्द खोडले. खाली लिहिलं, 'या पुलाच्या क्लिपा उलट्या बसवल्या होत्या. त्यामुळे दोर तुटला. मी हे सप्टेंबरमध्ये पाहिलं होतं.' त्याखाली आपलं पूर्ण नाव.

"नाव कशाला?" कॉर्डेलिया म्हणाली. "हे बाहेर आलं तर तुझी मुदत वाढवणं माझ्या हातात राहणार नाही."

"माहीत आहे."

"दोरांची बाकीची टोकं तू अजूनही पाहिलेली नाहीस."

"नाही पाहिली," मॅरेन म्हणाली आणि पेन मला दिलं. त्या वाक्यांखाली मी तीच वाक्यं स्पॅनिशमध्ये लिहिली. फळी हलत होती म्हणून कॉर्डेलियानं गुडघे टेकून तिची दुसरी कड धरून ठेवली. माझं लिहून झाल्यावर तिनं शाल घडी करून मुलीच्या चेहऱ्यावर घातली, प्रवासात ओरखडा पडू नये म्हणून, आणि आम्ही खोकं बंद केलं.

पोस्टात नाताळची रांग होती. खिडकीतल्या बाईनं खोकं वजनाला ठेवलं.

"परदेशी पाठवायचंय तर आत काय आहे ते सांगावं लागेल," ती म्हणाली.

"छायाचित्र," मॅरेन म्हणाली.

"कसलं?"



"एर्लिंडाचं," मॅरेन म्हणाली.